पोळ्याचा बार

बोरसावळीच्या पोळ्याला बंदुकीचा बार झाल्याशिवाय बैल हलत नसत. बैलांना त्याचं काही नव्हतं, ते बिचारे उन्हात झुली घालून कंटाळलेले असायचे. पण माणसं हलू देत नसत. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण, त्याच्याखाली जोड्या, सगळ्यांत पुढं पाटलाचा मानाचा बैल, आणि बाजूला पाटील स्वतः ठासणीची बंदूक आभाळाकडं करून उभे. बार झाला की तोरण तुटायचं, पाटलाचा बैल वेस ओलांडायचा आणि मग बाकीचं गाव त्याच्यामागं. पाटील वारल्यावर हा मान त्यांच्या बायकोकडं, सगुणाबाईकडं आला, आणि तिनं तो अंगावरच्या दागिन्यासारखा वापरला. काढून ठेवला नाही कधी.

मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. नव्या सरकारनं पहिलं काम काय केलं, तर खेड्यापाड्यांतल्या बंदुका गोळा करून अंबडला नेल्या. परवान्याची आणि बिनपरवान्याची, असा भेद कुणी केला नाही. पाटलांची बंदूक गेली ती गेलीच. सगुणाबाईच्या हातात एक पावती पडली. ती तिनं देवघरात ठेवली. म्हणाली, "मला तर वाचता येत न्हाई, देवालाच वाचू द्या."

पुढचे तीन पोळे मुके गेले. खालच्या वाडीचे लोक मुद्दाम वेशीवर येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "काय हो, पोळा हाय का मयत?" तिसऱ्या वर्षी सगुणाबाईच्या कपाळाची शीर उठली. भरल्या वेशीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलली, "पाटील गेले तवा म्या कुंकू पुसलं. गावानं कवा पुसलं, ते मला कुणी सांगितलंच न्हाई!"

बस. एवढंच बोलली. पण पुढच्या पोळ्याआधी घरटी पायली-पायली ज्वारी गोळा झाली, तिचा दीर कारभारी गाडी घेऊन जालन्याला गेला, आणि येताना ज्वारीच्या जागी कडब्याखाली एकनळी बंदूक घेऊन आला. कुणाकडून आणली हे गावानं विचारलं नाही. विचारलं असतं तर माहीत झालं असतं, आणि माहीत झाल्यावर माणसाला जबाब द्यावा लागतो.

आता ती ठेवायची कुठं? कारभारी गावचा पोलीस पाटील, सरकारचा माणूस, त्याच्या घरी कशी ठेवणार? सगुणाबाईचं घर म्हणजे बाईमाणसाचं घर. किराणा दुकानवाल्या मिश्रीलालनं तर आधीच हात जोडले. शेवटी कडूबा जागल्याला बोलावलं. वेशीबाहेर त्याची झोपडी. रात्रीची गस्त त्याची, म्हणून बंदूक त्याच्याकडं शोभंल, असं ठरलं. कडूबा काय म्हणाला, ते कुणाला आठवत नाही. बहुतेक तो काही बोललाच नसेल.

पहिल्या वर्षी बार कारभाऱ्यानं काढला आणि आठ दिवस खांदा शेकत बसला. दुसऱ्या वर्षापासून बंदूक कडूबा धरायचा, आणि कारभारी नुसता तिच्या नळीला हात लावून उभा राहायचा. मान कारभाऱ्याचा, खांदा कडूबाचा. आणि बार झाल्यावर सगुणाबाईचा बैल वेस ओलांडायचा तेव्हा तिची मान अशी ताठ व्हायची की डोईवरचा पदर सरकायचा.

असे तीन पोळे झाले. चौथा महिन्यावर आला होता, तेव्हा तहसिलीतून कागद आला.

मिश्रीलालच्या दुकानात तो वाचला गेला. मिश्रीलालचा आजा राजस्थानातून आलेला; पण याच्या जिभेवर मात्र बोरसावळीच. गावाचे सगळे कागद तोच वाचायचा आणि तोच लिहायचा. पंच गादीवर बसले होते. सगुणाबाई मीठ घ्यायला आली होती ती तिथंच उभी राहिली. खाली पायरीवर कडूबा.

"हैदराबादच्या असेंब्लीत विचार चालू हाय," मिश्रीलालनं चष्मा पुसत सांगितलं, "का परवाना नसताना जो बंदूक खरेदी करंल, त्याची सजा वाढवावी का? आता काही महिने कैद न्हाईतर दंड. वाढवली तर सालोसाल सक्तमजुरी. येत्या सोमवारी आमदारसाहेब अंबडला कोर्टाच्या आवारात बसणार. दर गावानं आपलं मत लेखी आणावं."

"वाढवा!" सगुणाबाई पहिली बोलली. "दहा वर्षं घाला. खालच्या वाडीत मागल्या महिन्यात बंदूक सापडली न्हाई का? अन् तो पैशानं माजलेला मालक आजून ओट्यावर बसून पान खाऊन राह्यला!"

"तेच म्हणतो म्या," कारभारी म्हणाला. "ठासून लिव्हा मिश्रीलाल. सरकारला दिसलं पाहिजे का बोरसावळी कायद्याच्या बाजूनं हाय."

मिश्रीलालनं टाक शाईत बुडवला आणि तसाच धरला. "पाटील, पण आपल्या गावात..."

"मंग त्याचं एक वाक्य टाका ना. पोळ्याची बंदूक सोडून, म्हणा."

सगळ्या पंचांना ते बराबर वाटलं. मिश्रीलालनं वळणदार अक्षरात लिहिलं आणि घसा खाकरून वाचून दाखवलं, "आमचे गावात बेकायदा बंदूक फक्त एकच असून ती वर्षातून एकदाच, पोळ्याचे दिवशी, उडविली जाते. सबब सदरहू बंदूक सोडून बाकी सर्व गुन्हेगारांस कडक सजा व्हावी, असे समस्त गावकरी यांचे मत आहे."

"वा!" एक पंच म्हणाला. दुसऱ्यानं अंगठ्याला लावायला शाई मागितली.

सगुणाबाईनं पदर तोंडाला लावला. हसू आवरेना. "मिश्रीलाल, पुन्यांदा वाचा बरं. हे मत हाय का कबुली?"

मिश्रीलालनं मनातल्या मनात वाचलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अरे देवा," एवढंच तो म्हणाला आणि कागदाचे चार तुकडे केले.

"बरं, मंग ते वाक्य काढा," कारभारी चिडून म्हणाला. "नुसतं वाढवा म्हणून लिव्हा. आपल्याला काय भेव? सापडली तर कडूबाच्या छपरात सापडंल."

 कारभाऱ्याला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. तो शेंगदाणे तोंडात टाकत होता. पायरीवरून कडूबा हळू बोलला, "व्हय. माझ्याच छपरात हाय."

सगुणाबाईनं त्याच्याकडं पाहिलं.

"पाटलीणबाई," कडूबा म्हणाला, "खालच्या वाडीत दहा वर्षं घातली असती ना, तर ती त्या ओट्यावरच्या मालकाला पडली नसती. बंदूक गोठ्यात सापडली. गोठ्यात सालदार निजत व्हता. त्याला नेलं. आज औरंगाबादच्या तुरुंगात हाय, सहा महिन्यांसाठी. मालक पान खाऊन राह्यला ते त्याच्यामुळंच."

तिला हे ठाऊक नव्हतं. बंदूक सापडली एवढं ऐकलं होतं, मालक सुटला एवढं ऐकलं होतं; मधला माणूस तिच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. तिनं मिठाची पुडी उचलली आणि निघाली. 

दुपारी ती वेशीबाहेर गेली. लग्न होऊन आल्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण कडूबाच्या दारात ती पहिल्यांदा उभी राहत होती. कडूबाची बायको दारात गोवऱ्या रचत होती. तिनं हात धुतले, पण आत या म्हणाली नाही.

"छपराला काय झालं?" सगुणाबाईनं विचारलं. एका बाजूचं गवत काळं पडून खाली लोंबत होतं.

"गळतंय. तीन साल झाले."

"मंग बदलायचं न्हाई का?"

"बदलायला चार माणसं लागत्यात वर चढायला. चार माणसं वर चढली तर तिथं काय हाय ते चौघांना दिसंल." तिनं ओल्या हाताची बोटं लुगड्याला पुसली. "पाऊस आला का हे लेकराला घेऊन त्या कोपऱ्यात बसत्यात, म्या या कोपऱ्यात. मधी तुमची बंदूक. ती तेवढी कोरडी ऱ्हाती. तिच्यावर ताडपत्री हाय."

"न्हाई म्हणायचं व्हतं तुमी."

"कुणाला?" बाईनं सरळ डोळ्यांत पाहिलं. "तुमाला?"

  सगुणाबाई तिथंच गोवऱ्यांच्या ढिगाला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "कडूबाला म्हणावं, काढ ती खाली."

कडूबा आला. बंदूक काढून दारात ठेवली आणि बाजूला सरकला, जसं काही सापच. "हिरीत टाकून येतो," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. सगळं मिटंल."

"अन् उन्हाळ्यात गाळ काढताना?"

कडूबानं विहिरीच्या दिशेनं पाहिलं.

"ती वर येईल अन् पहिलं कुणाला इचारतील? जागल्याला. अन् दुसरी गोष्ट सांगते कडूबा. हिरीत टाकली, तर पुढल्या पोळ्याला दुसरी येईल. मीच आणवीन. कुणी वेशीवर येऊन हसलं का माझ्या जिभंचं मला काही खरं वाटत न्हाई." तिनं बंदूक उचलली. तिला वाटलं होतं त्याहून ती जड होती. "ही मी नेते. तू गावात ऱ्हा. सोमवारी कुणी इचारलं तर म्हण, मला काही ठाऊक न्हाई. अन् उद्या चार माणसं लावून गवत बदलून घे. माझ्या गंजीतलं ने."

सोमवारी कारभारी अंबडला निघाला, तेव्हा वहिनीनं त्याला आपल्या गाडीत बोलावलं. देवीचं दर्शन घ्यायचं आहे म्हणाली. गाडी तिचा थोरला मुलगा मच्छिंद्र हाकत होता. मागं कडब्यावर गोधडी अंथरली होती आणि कारभाऱ्याला बसायला तिनं अगदी मधली, मानाची जागा दिली. कारभाऱ्याच्या खिशात नवा कागद होता, "सजा वाढवावी" असं दोन ओळींत लिहिलेला, खाली सात अंगठे.

अर्ध्या वाटेवर तो चुळबुळायला लागला. "वैनी, खाली काय टोचून राह्यलं हो?"

"तुमचीच खरेदी."

कारभाऱ्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो गाडीतल्या गाडीत असा उडाला की बैल बिचकले. "तुमाला येड लागलं का! फौजदाराच्या दारात घेऊन चाललात? मच्छिंद्र, गाडी थांबव!"

मच्छिंद्रनं आईकडं पाहिलं आणि गाडी थांबवली नाही.

"उतरायचं असंल तर उतरा," सगुणाबाई म्हणाली. "मी काही तुमाला बांधून नेत न्हाई. पण तिथं मला इचारतील, कुणी आणली. मंग मी सांगीन. संग आलात तर तुमचं तुमी सांगाल. पोलीस पाटलाचं नाव बाईच्या तोंडून गेलेलं बरं का स्वतःच्या?"

"पाटीलकी जाईल माझी."

"जाऊ द्या."

"अन् तुमी? तुमाला आत घालतील! पाटलाच्या घरची बाई तुरुंगात गेली तर गाव काय म्हणंल?"

"गाव कडूबाला आत घालायला सात अंगठे देऊन बसलंय. त्या गावाचं मला सांगू नका."

कारभारी पुन्हा गोधडीवर, पण कडेला सरकून, बसला. शेवटी लहान आवाजात म्हणाला, "अन् या साली बैल कशावर सोडायचे?"

"हलगीवर. बैलाला काय, आवाज पाहिजे."

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली मंडप घातला होता. टेबलाशी मधे आमदार, एका बाजूला तहसीलदार, दुसऱ्या बाजूला फौजदार. एकेक गाव उठत होतं, वाढवा म्हणत होतं आणि बसत होतं. जणू हजेरीच चालली होती. फक्त एका वकिलानं वेगळं सांगितलं. शेतात रानडुकरं येतात, परवाना मिळायला दोन-दोन वर्षं लागतात, आधी परवाने सोपे करा, सजा आहे तीच पुरे आहे, असं म्हणाला. सगुणाबाईला त्याचं अर्धं पटलं. परवाना मिळत नाही हे खरं होतं. देवघरातली तिची पावती त्याला साक्ष होती. पण डुकरासाठी बंदूक घेणारा तरी ती आपल्या घरात ठेवील का, हे वकिलानं सांगितलं नाही.

"बोरसावळी!" कारकुनानं पुकारा केला.

कारभारी उठला. खिशातला कागद उलगडला. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सगुणाबाई उठली, हातात गोधडीची लांब वळकटी. ती सरळ टेबलापाशी गेली आणि वळकटी आमदारापुढं सोडली. एकनळी बंदूक टेबलावर घरंगळली तशी फौजदाराची खुर्ची मागं पडली.

"भरलेली न्हाई," ती म्हणाली. "बसा."

मंडपात गलका झाला. तहसीलदारानं हात वर करून तो बसवला. आमदार माणूस शांत होता. "बाई, हे काय आहे?"

"आमच्या गावाचं मत. कागदावर अर्धंच लिव्हलंय."

फौजदारानं खुर्ची उचलली. "कुणाच्या ताब्यात होती ही?"

"ताबा इचारू नका साहेब. हुकूम कुणाचा व्हता ते इचारा. माझा. गावाचा पोळा मुका झाला म्हणून म्या वेशीत गावाला टोचून बोलले, माझ्या बैलाच्या मानासाठी ही आली. घरटी ज्वारी दिली समद्यांनी. ठेवायची वेळ आली तवा मात्र एकाचंच छप्पर दिसलं."

"कुणाचं?"

"ज्याला न्हाई म्हणता येत न्हाई त्याचं. दर गावात एक असतो. तुमच्या तुरुंगात जाऊन बघा, तेच दिसतील."

तहसीलदार समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, कायद्यात ताबा असतो. ज्याच्याजवळ वस्तू मिळाली तो आरोपी. हुकूम कायद्यात नसतो."

"मंग तेच बदला!" ती आमदाराकडं वळली. "मत द्यायला बोलावलं ना आमाला? हे माझं मत. सजा वाढवायची तर वाढवा, बिलकुल वाढवा. पण आधी ती सजा जाते कुणाच्या घरी ते बघा. आज सहा महिन्यांना सालदार जातो, उद्या सहा वर्षांना सालदार जाईल, अन् इकत घेणारा ओट्यावर बसून तुमच्या कायद्याला शाबासकी देईल. आत्ता एवढ्या गावांनी वाढवा म्हणलं, त्यातल्या कितींना ठाऊक हाय का आपलं काही जात न्हाई?"

 पुढच्या रांगेतल्या दोन पाटलांनी पागोटी सारखी केली.

आमदार लिहून घेत होता. "म्हणजे खरेदी करणाऱ्याला जास्त आणि सांभाळणाऱ्याला कमी, असं?"

"इकत घेणाऱ्याला, इकणाऱ्याला. अन् सरकारी पगडी घालून जो इकत घेतो त्याला दुप्पट." ती थांबली. मागं वळून पाहिलं नाही. "ज्याच्या गळ्यात बांधली, त्याला आधी इचारा का तुला न्हाई म्हणता आलं असतं का."

"विकली कुणी?" फौजदारानं विचारलं.

सगुणाबाई गप्प राहिली. हेच तिला सगळ्यांत जड गेलं. जीभ टाळूला लावून उभी राहिली आणि वाट पाहिली. मनात आकडे म्हणत होती. वीसपर्यंत मोजायचं, तोवर दीर उठला नाही तर त्याचं नाव घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

चौदा झाले तेव्हा मागून कारभाऱ्याचा आवाज आला. "मी आणली साहेब. मी बोरसावळीचा पोलीस पाटील. इकणाऱ्याचं नाव मला ठाऊक हाय." तो पुढं आला. अंगठ्यांचा कागद त्यानं टेबलावर ठेवला नाही, खिशातच घातला. आणि वहिनीच्या शेजारी, दोन हात अंतर ठेवून, उभा राहिला.

पंचनामा लिहायला तासभर लागला. फौजदार लिहिता लिहिता म्हणाला, "बाई, जुन्याच कायद्यानं खटला होईल तुमच्यावर. आपणहून आणलीत म्हणून दंडावर भागेल कदाचित. कदाचित नाही भागणार."

"जे व्हायचं ते व्हईल. वाचून दाखवा."

त्यानं वाचलं. बंदुकीचं वर्णन, नळीची लांबी, तारीख, कारभाऱ्याचा जबाब, सगुणाबाईचा जबाब. शेवटी होतं, "सदरहू हत्यार गावचा जागल्या नामे कडूबा याचे झोपडीत असल्याचे पोलीस पाटील यांचे सांगण्यावरून..."

"ते काढा."

"बाई, चौकशीला लागतं."

"त्यानं काय इकत घेतलं? काय इकलं? तुमाला बंदूक पाहिजे व्हती, हाय. घेणारे पाहिजे व्हते, दोघं उभे हायत. इकणाऱ्याचं नाव मिळालं. त्या गरिबाचं नाव त्या कागदात राह्यलं, तर म्या आत्ता दिलेला जबाब फिरवते. मंग बसा शोधत, कुणाची बंदूक टेबलावर पडली ते."

फौजदारानं आमदाराकडं पाहिलं. आमदारानं तहसीलदाराकडं पाहिलं. तहसीलदारानं चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाला, "ते वाक्य नसलं तरी गुन्हा शाबीत होतो. कबुली आहे."

फौजदारानं ओळीवर रेघ मारली.

"रेघेखालचं वाचता येतं," सगुणाबाई म्हणाली. "मला येत न्हाई, पण दुसऱ्याला येतं. नवीन कागद घ्या."

नवीन कागद आला. पुन्हा सगळं लिहिलं. तिनं ते दोनदा वाचून घेतलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना कारभाऱ्याला फौजदाराच्या खांद्यावरून बघायला लावलं. कडूबाचं नाव कुठंच नव्हतं. कारकुनानं शाईची डबी उघडून पुढं सरकवली, तशी तिनं ती बोटानं परत सारली.

"अंगठा न्हाई. टाक द्या."

मिश्रीलालनं एका दिवाळीत तिला नाव लिहायला शिकवलं होतं, तेवढीच तिची शाळा. ती बाकावर बसली, कागद गुडघ्यावर घेतला, आणि एकेक अक्षर काढायला लागली. मागं मंडपात पुढच्या गावाचा पुकारा झाला होता, पण कुणी उठलं नाही. सगळे तिची सही पुरी व्हायची वाट पाहत थांबले.